आधी बीपी, मग शब्दकोडी: रोजच्या सवयी आणि अल्झायमर, सुरुवात कुठून करायची

अल्झायमरचा विषय निघाला की साधारण दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो वय झालं की व्हायचंच, नशिबात असेल ते चुकत नाही. दुसरा लगेच मोबाईल काढून स्मरणशक्तीच्या गोळीची जाहिरात दाखवतो, नाहीतर सांगतो की मी रोज सुडोकू सोडवतो, मला काय होतंय. पहिला अर्धाच बरोबर आहे आणि दुसऱ्याने भलत्याच टोकाकडून सुरुवात केलीये. सवयींचा आणि मेंदूतल्या बदलांचा संबंध आहे, नक्की आहे, पण तो जिथे सगळ्यात पक्का आहे तिकडे कुणी बघत नाही कारण त्या सगळ्या बोअरिंग गोष्टी आहेत, ब्लडप्रेशर, कानाची तपासणी, कोलेस्टेरॉल, चालणं. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम तसा लावलाय, पुरावा जास्त ते आधी आणि जाहिरात जास्त ते शेवटी.

मेंदूत नेमकं काय होतं

हे थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून कंटाळा न करता वाचा.

१९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली, तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तरी मध्येच पुढचं आठवेनासं व्हायचं. १९०६ मध्ये ती गेली आणि डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू मायक्रोस्कोपखाली तपासला, त्यात त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे. आज आपण बाहेरच्या थराला अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे प्लाक म्हणतो आणि आतला गुंता असतो टाऊ नावाच्या प्रथिनाचा.

आता महत्त्वाचं. अमायलॉइड साचायला सुरुवात होते ती लक्षणं दिसायच्या साधारण १५-२० वर्षं आधी. म्हणजे सत्तरीत ज्याला विसराळूपणा जाणवतो त्याच्या मेंदूत काम पन्नाशीतच सुरू झालेलं असतं, आणि तेव्हा तो माणूस एकदम ठणठणीत असतो, ऑफिस करतोय, गाडी चालवतोय. टाऊची गोष्ट जरा वेगळी. तो सुरुवातीला कानशिलाच्या आतल्या बाजूच्या छोट्या भागात दिसतो, मग हिप्पोकॅम्पसमध्ये म्हणजे नवीन आठवणी जिथे बनतात तिथे, आणि मग बाकीच्या मेंदूत पसरतो. ब्राक नावाच्या जर्मन दांपत्याने १९९१ मध्ये या पसरण्याच्या पायऱ्याच आखून दिल्या, त्या अजूनही वापरतात. माणूस किती विसरतो हे अमायलॉइड किती आहे यापेक्षा टाऊ कुठवर पोचलाय यावर जास्त ठरतं.

पण खरी गंमत यापुढे आहे. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये ननवर, म्हणजे मठात राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींवर अभ्यास सुरू केला, पुढे त्यात ६७८ जणी होत्या आणि सगळ्यांनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. सगळ्यांचं खाणंपिणं, राहणं जवळपास सारखं, त्यामुळे तुलना करायला बरं. तर त्यात काही जणींच्या मेंदूत प्लाक आणि गुंते भरपूर सापडले पण जिवंतपणी त्या चांगल्या तल्लख होत्या. आणि उलट, ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या बदलांसोबत छोटे छोटे स्ट्रोकसुद्धा होते त्यांना डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार अडतील इतकी स्मरणशक्ती आणि बुद्धी ढासळणं (अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण), असण्याचं प्रमाण खूप जास्त निघालं. म्हणजे तोच कचरा, पण सोबत रक्तवाहिन्या खराब असतील तर माणूस लवकर कोलमडतो, आणि मेंदूची शिल्लक, म्हणजे झीज झाली तरी काम भागवून नेण्याची राखीव ताकद, चांगली असेल तर तोच कचरा बराच काळ पचवला जातो.

हे डोक्यात पक्कं ठेवा कारण सवयींचं काम मुख्यतः इथेच चालतं. चालल्याने अमायलॉइड धुऊन निघतं, अमुक खाल्ल्याने प्लाक विरघळतात असं कुणी सांगत असेल तर माणसांवरचा तसा ठोस पुरावा नाही. सवयींनी रक्तवाहिन्या सांभाळल्या जातात, शिल्लक वाढते आणि टाऊचा वेग कमी होत असावा असं दिसतंय. आजार पूर्ण टळेल ही गॅरंटी कुणी देऊ शकत नाही, पण तो काही वर्षं पुढे ढकलता येतो आणि सत्तरीऐवजी ऐंशीत आला तर ती दहा वर्षं काय असतात ते घरातल्यांना विचारा.

लॅन्सेट कमिशनचा, म्हणजे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीचा, एक आकडा सगळीकडे फिरतो, की ४५ टक्के डिमेन्शिया टाळता येतो. २०२४ च्या अहवालात त्यांनी १४ घटक दिलेत आणि ते सगळे जर जगातून नाहीसे झाले तर साधारण ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा तो हिशोब आहे. तो सगळ्या जगाच्या लोकसंख्येचा आहे, तुमचा एकट्याचा नाही. तुम्ही सगळं व्यवस्थित केलं तरी होऊ शकतो, आणि काहीच न करणाऱ्याला होणार नाही असंही होऊ शकतं, विशेषतः एपीओई-४ हा जीन असेल तर धोका वाढतोच, एक कॉपी असेल तर साधारण दोन-तीन पट. म्हणून ज्यांच्या घरात कुणाला झालाय त्यांना "त्यांनी काळजी घेतली नसेल" असं म्हणायला जाऊ नका प्लीज.

पायरी पहिली: आकडे काढा

सगळ्यात आधी हे, कारण यात घाम गाळायचा नाही, फक्त बसून मोजायचंय, आणि तरी लोक हेच टाळतात.

ब्लडप्रेशर. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के पण शरीराची २० टक्के ऊर्जा खातो, त्यामुळे त्याला रक्त सतत आणि भरपूर लागतं आणि ते पोचवणाऱ्या शेवटच्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. वर्षानुवर्षं जास्त प्रेशरचा मारा झाला की त्या कडक होतात, बंद पडतात, आणि एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसायला लागतात. कुठे दुखत नाही, काही जाणवत नाही. चाळिशी-पन्नाशीतलं वाढलेलं बीपी पुढच्या डिमेन्शियाशी जोडलेलं आहे हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि नुसतं जोडलेलं नाही, प्रयोग करूनही बघितलंय. स्प्रिंट माइंड नावाची अमेरिकेतली ट्रायल, ९००० हून जास्त लोक, एका गटाचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवलं आणि दुसऱ्याचं १२० च्या खाली. २०१९ मध्ये निकाल आला, कडक कंट्रोल असलेल्या गटात स्मरणशक्तीचे सौम्य त्रास, म्हणजे डिमेन्शियाच्या आधीची पायरी, १९ टक्क्यांनी कमी. प्रत्यक्ष डिमेन्शियाही कमी दिसला पण तो फरक पक्का म्हणावा इतका नव्हता कारण ट्रायल लवकर थांबवली होती. त्यात डायबिटीसवाले आणि आधी स्ट्रोक झालेले घेतलेच नव्हते, म्हणून १२० हे टार्गेट स्वतःच्या मनाने लावून घेऊ नका. वयस्कर माणसाला उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर प्रेशर जास्त उतरवणं उलट अंगाशी येतं, पडून डोक्याला मार बसतो. हे डॉक्टरशी बोलूनच.

घरी बीपी कसं मोजायचं, कारण बहुतेक जण चुकीचं मोजतात. दंडावर लावायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. मोजायच्या अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगरेट, व्यायाम काही नाही, लघवीला जाऊन या, मग पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या लेव्हलला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, शर्टाच्या बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, असं सात दिवस, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. एकदाच केमिस्टकडे मोजलं आणि नॉर्मल आलं, याला काही अर्थ नाही.

मग एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. हे लॅन्सेटच्या यादीत २०२४ मध्येच नव्याने आलं आणि एकदम वरच्या नंबरवर जाऊन बसलं, श्रवणदोषाच्या बरोबरीने, त्या ४५ टक्क्यांपैकी प्रत्येकी ७ टक्के. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने, विसरायला होतं म्हणून परस्पर गोळी बंद करणारे लोक भेटतात, शंका असेल तर जरूर विचारा पण स्वतः बंद करू नका. तिसरी साखर, एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी करून घ्या, ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ पासून पुढे डायबिटीस. डायबिटीस असेल तर साखर वारंवार फार खाली जाणंसुद्धा मेंदूला वाईटच, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्या वयस्कर लोकांत, तेव्हा आकडा जितका खाली तितका भारी असं समजू नका.

पायरी दुसरी: कान आणि डोळे

हे वाचून लोकांना आश्चर्य वाटतं, कानाचा आणि अल्झायमरचा काय संबंध. यामागे काय असावं याबद्दल दोन-तीन अंदाज आहेत. नीट ऐकू येत नसेल तर मेंदूची निम्मी ताकद समोरचा काय बोलला हे जुळवण्यातच जाते आणि लक्षात ठेवायला काही उरत नाही. शिवाय ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणंच बंद करतो, चारचौघांत जायचं टाळतो. आणि आवाजाचा मारा कमी झाला की मेंदूचा तो भाग वापराविना आक्रसतो.

पण श्रवणयंत्र लावल्याने फायदा होतो का? यावर अचीव्ह नावाची ट्रायल झाली, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं, २०२३ मध्ये निकाल. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फरक नाही आला. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, वय जास्त, हृदयाचे त्रास वगैरे, त्या गटात यंत्र लावणाऱ्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. मी याचा अर्थ असा घेतो की तब्येतीने धडधाकट सत्तरीच्या माणसाला तीन वर्षांत फरक दिसायला घसरणच फार नसते, ज्याची घसरण सुरू आहे त्याला मात्र हात मिळतो. काहीही असो, यंत्राचा तोटा नाही आणि ऐकू येणं हा स्वतःच फायदा आहे.

करायचं असं. घरातले टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडत असतील, फोनवर ठीक ऐकू येतं पण गोंगाटात समोरच्याचं कळत नाही, सगळे पुटपुटतायत असं वाटतं, तर आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरला बघू द्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवर ऐकण्याची तपासणी. यंत्र मिळालं की पहिले काही आठवडे भयंकर वाटतं, भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, कागदाचा आवाज, सगळं अंगावर येतं, आणि इथेच बहुतेक यंत्रं ड्रॉवरमध्ये जातात. पहिल्या दिवसापासून लग्नाच्या हॉलमध्ये घालून जाऊ नका. शांत खोलीत एका माणसाशी बोलताना एक-दोन तास, मग टीव्ही, मग घरातला गोंधळ, मग बाहेर, असं वाढवत न्या, आणि सेटिंग बदलून घ्यायला दोन-तीनदा परत जावंच लागतं ते जा, त्यात लाजायचं काय.

डोळ्यांचंही तसंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलेल्यांना डिमेन्शियाचा धोका साधारण ३० टक्के कमी, असं अमेरिकेतल्या ३००० हून जास्त लोकांच्या एका अभ्यासात २०२२ मध्ये दिसलं, आणि काचबिंदूचं ऑपरेशन केलेल्यांत मात्र असा फरक नव्हता. काचबिंदूच्या ऑपरेशनने दिसणं सुधारत नाही, त्यामुळे फरक ऑपरेशनचा नसून दिसण्याचा असावा. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका.

पायरी तिसरी: चालणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सवयींमध्ये सगळ्यात जमण्यासारखं हेच आहे.

२०११ मध्ये एक छान प्रयोग झाला होता. १२० वयस्कर लोक, अर्ध्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायला लावलं, अर्ध्यांना फक्त स्ट्रेचिंग. वर्षभराने एमआरआय केला तर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढलेला आणि स्ट्रेचिंगवाल्यांचा थोडा आक्रसलेला, जे त्या वयात होतच असतं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत इतकं स्पष्ट दिसलं नाही हेही खरं.

मग २०२५ मध्ये हार्वर्डच्या लोकांचा अभ्यास आला, तो आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातो. २९६ जण, सुरुवातीला सगळे नॉर्मल, पावलं मोजायचं यंत्र लावलं, मेंदूचे स्कॅन केले आणि बरीच वर्षं मागोवा घेतला. ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड आधीच जास्त होतं त्यांच्यातही दिवसाला ३००० ते ५००० पावलं चालणाऱ्यांची घसरण न चालणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं उशिरा, आणि ५००० ते ७५०० वाल्यांची सात वर्षं उशिरा. अमायलॉइडमध्ये फरक नव्हता. फरक टाऊच्या वेगात होता. म्हणजे कचरा तेवढाच, पण गुंता हळू पसरला. ७५०० च्या पुढे फायदा जवळपास सपाट झाला, त्यामुळे १०००० चा हट्ट धरून गुडघे दुखवायची गरज नाही. ब्रिटनमधल्या ७८००० लोकांच्या २०२२ च्या अभ्यासात मात्र साधारण ९८०० पावलांपर्यंत फायदा वाढत होता आणि ३८०० ला त्याचा निम्मा तरी मिळत होता. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, सगळ्यात मोठी उडी अगदी न चालणारा थोडं चालायला लागतो तेव्हाची आहे.

एक शंका मात्र डोळे उघडे ठेवून घ्यायला हवी. हे लोकांना नुसतं बघून केलेले अभ्यास आहेत. आजार आतून सुरू झाला की माणूस आधीच कमी हिंडायला लागतो, मग कमी चालल्याने आजार झाला की आजारामुळे चालणं कमी झालं? अभ्यास करणारे हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात पण शंभर टक्के निघत नाही. तरी चालण्याने बीपी, साखर, झोप, मूड हे सगळं सुधारतं हे पक्कं आहे, त्यामुळे मी तरी शंकेचा फायदा चालण्याला देईन.

प्रत्यक्षात असं करा. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त फोन खिशात ठेवून रोजची पावलं लिहा. समजा सरासरी २२०० निघाली. पुढचे दोन आठवडे त्यात ५०० वाढवा, मग अजून ५००, असं करत ५००० च्या पुढे जा. वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. सलग वेळ नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटं करा, त्याने जेवणानंतरची साखरही कमी उसळते. डब्ल्यूएचओ आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा, तो बहुतेक लोक सोडून देतात. त्यासाठी जिम नको, खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा दहा वेळा, भिंतीला हात लावून ढकलणं, एका पायावर उभं राहणं पण शेजारी धरायला काहीतरी हवं. पायांत ताकद आणि तोल असला की पडणं टळतं आणि डोक्याचा मार हाही त्या १४ घटकांपैकी एक आहे. म्हणून हेल्मेट आणि सीटबेल्ट हीसुद्धा मेंदूची सवयच, कुणी तशी मोजत नाही इतकंच. छातीत दुखत असेल, थोडं चाललं की धाप लागत असेल तर आधी डॉक्टर, मग पावलं.

पायरी चौथी: झोप, पण तिची धास्ती न घेता

मेंदूत दिवसभर जो कचरा तयार होतो तो रक्तवाहिन्यांच्या कडेने वाहणाऱ्या द्रवातून बाहेर टाकला जातो, याला ग्लिम्फॅटिक सिस्टीम म्हणतात, मायकेन नेडरगार्ड यांच्या टीमने २०१२ मध्ये मांडली आणि २०१३ मध्ये उंदरांवर दाखवलं की झोपेत ही सफाई जोरात चालते. यावरून "झोपलात की मेंदू धुतला जातो" असे हजार व्हिडिओ निघाले. २०२४ मध्ये दुसऱ्या एका टीमला उंदरांमध्येच बरोबर उलटं दिसलं, झोपेत सफाई कमी. वाद अजून चालू आहे. माणसांमध्ये मात्र २०१८ मध्ये २० निरोगी लोकांना एक रात्र जागवलं तर स्कॅनमध्ये अमायलॉइड साधारण ५ टक्के वाढलेलं दिसलं. आणि ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरच्या एका लांबलचक अभ्यासात पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना सात तासवाल्यांपेक्षा पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त होतं, तरी लॅन्सेटने झोप आपल्या यादीत घेतलेली नाही कारण इथेही तोच प्रश्न, आधी काय आणि मागून काय.

तर करायचं काय. उठायची वेळ ठरवा, झोपायची नाही, रोज एकाच वेळी उठा, सुट्टीच्या दिवशीही, उठल्यावर बाहेरच्या उजेडात जा, दुपारनंतर कॉफी बंद. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्याबसल्या डुलकी, हे असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करा, रात्रभर ऑक्सिजन खालीवर होणं मेंदूला आणि बीपीला दोन्हीला महाग पडतं. आणि झोप येत नाही म्हणून सर्दीची जुन्या पद्धतीची गुंगी आणणारी गोळी रोज घेणारे लोक असतात, ती सवय सोडा. डायफेनहायड्रामाइनसारखी औषधं मेंदूतलं अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन अडवतात आणि आठवणींसाठी तेच लागतं, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया जास्त दिसलाय. झोपेची डॉक्टरने दिलेली गोळी असेल तर मात्र एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करायची असते.

दोन रात्री झोप नीट झाली नाही म्हणून मेंदू सडला असं काही नसतं हो. ती भीतीच झोप उडवते.

पायरी पाचवी: खाणं, सिगरेट, दारू

हे पटकन. माइंड डाएट म्हणून एक प्रकार आहे, हिरव्या पालेभाज्या, बेरी, दाणे, कडधान्यं, मासे, अख्खं धान्य जास्त आणि लोणी, चीज, लाल मांस, तळलेलं, गोड कमी. २०१५ मध्ये निरीक्षणातून आकडे फार चांगले आले होते. मग २०२३ मध्ये नीट ट्रायल झाली, ६०४ लोक, तीन वर्षं, आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत फरक नाही. पण दुसऱ्या गटालाही कॅलरी कमी करायला लावल्या होत्या आणि दोन्ही गट थोडे सुधारले. माझं मत, खाण्याने बीपी, एलडीएल, साखर आणि वजन सुधारत असेल तर तेवढं पुरे, एखाद्या फळात जादू शोधू नका. सिगरेट कुठल्याही वयात सोडली तरी फायदा. दारू आठवड्याला ब्रिटिश हिशोबाने २१ युनिटच्या (एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल) वर गेली की धोका वाढतो असं लॅन्सेट म्हणतं, पण याचा अर्थ २० पर्यंत औषध आहे असा नाही, न पिणाऱ्याने मेंदूसाठी सुरू करू नये.

पायरी सहावी: डोकं वापरणं आणि माणसं

सुडोकू वाईट नाही. पण सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत हुशार होतो, बाकीच्या आयुष्यात किती उतरतं ही वेगळी गोष्ट. ब्रेन गेम विकणाऱ्या लुमोसिटीने स्मरणशक्ती घसरणं लांबवतो असे दावे केले होते म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्ये त्यांच्याकडून २० लाख डॉलर भरून घेतले होते.

शिल्लक वाढते ती नवीन आणि थोडं अवघड काहीतरी शिकण्याने, त्यातही सोबत माणसं असतील तर जास्त चांगलं. भाषा, वाद्य, नाच, नाटकात काम, नातवाला गणित शिकवणं. जे करताना पहिल्या महिन्यात आपण मठ्ठ आहोत असं वाटतं ते योग्य. आणि एकटेपणा हा त्या १४ मध्ये ५ टक्क्यांचा धनी आहे, व्यायाम न करण्याच्या दुपटीहून जास्त, हे कुणी सांगत नाही. रिटायर झाल्यावर रोज बोलायची माणसं एका महिन्यात गायब होतात, विशेषतः पुरुषांची, म्हणून रिटायर व्हायच्या आधीच आठवड्यातल्या दोन ठरलेल्या भेटी लावून ठेवा, ठरलेला वार ठरलेली वेळ, "भेटू कधीतरी" असं नाही. डिप्रेशनही यादीत आहे. त्यावर उपचार होतात, घ्या. उतारवयात पहिल्यांदाच आलेली उदासी कधीकधी आजाराची पहिली खूणही असते, म्हणून ती "या वयात व्हायचंच" म्हणून सोडू नये.

गोळ्या आणि टेस्ट

गिंकगो बिलोबा, म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क, घ्या असं अजून सांगतात. ७५ वर्षांवरच्या ३०६९ लोकांवर, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा वर्षांच्या आसपास देऊन बघितलं, २००८ मध्ये निकाल, डिमेन्शिया अजिबात कमी झाला नाही. त्या पैशात चांगले बूट घ्या. बी१२ ची गोष्ट वेगळी, ते कमी असेल तर विसरायला खरंच होतं आणि भरून काढलं की सुधारतं, पण आधी रक्त तपासा. जे कमी नाही ते वाढवून स्मरणशक्ती वाढत नाही.

पी-टाऊ२१७ नावाची, रक्तात उतरलेला टाऊ मोजणारी तपासणी आता आलीये आणि ती चांगली आहे, पण ज्यांना त्रास सुरू झालाय त्यांच्यासाठी. काही त्रास नसताना कुतूहल म्हणून करू नका, पॉझिटिव्ह आली तर करायचं तेच जे वर लिहिलंय, फक्त झोप उडवून. एपीओई जीनचंही तेच.

एकदम सगळं कसं जमणार

जमत नाही, करूही नका. फिनलंडमध्ये फिंगर नावाची ट्रायल झाली होती, ६० ते ७७ वयाचे १२६० धोका असलेले लोक, दोन वर्षं खाणं, व्यायाम, बौद्धिक सराव आणि बीपी-साखरेवर नजर असं सगळं एकत्र दिलं, २०१५ मध्ये निकाल, त्यांच्या चाचणीतल्या गुणांत दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्के जास्त सुधारणा. मग अमेरिकेत तसंच पॉइंटर म्हणून केलं, २१११ लोक, २०२५ मध्ये निकाल, त्यात एका गटाला ठरलेला कार्यक्रम, ठरलेल्या मीटिंग, कुणीतरी विचारणारं, आणि दुसऱ्याला माहिती देऊन तुमचं तुम्ही करा. दोघेही सुधारले, ज्यांना विचारणारं कुणी होतं ते जास्त. म्हणून मी म्हणतो की सवय निवडण्याआधी विचारणारं माणूस निवडा. पहिल्या महिन्यात फक्त बीपीची वही, रक्ताच्या टेस्ट, कान आणि डोळे. दुसऱ्या महिन्यापासून चालणं, रोज संध्याकाळी कुणाला तरी पावलांचा आकडा पाठवायचा. तिसऱ्यापासून ताकदीचे दोन दिवस आणि उठायची वेळ. नवीन शिकायचं काय ते चौथ्या महिन्यात ठरवलं तरी चालेल. तीस-पस्तिशीतल्यांनीही बीपीची वही आत्ताच सुरू करावी, आईवडिलांसाठी मशीन घ्यालच तेव्हा स्वतःचाही दंड त्यात घाला.

डॉक्टरकडे कधी

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, नाव ओठांवर असून न आठवणं आणि नंतर आठवणं, हे सगळ्यांचं होतं. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं आणि विचारला होता हेच आठवत नसणं, नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं केलेला स्वयंपाक किंवा बँकेचा हिशोब जमेनासा होणं, वस्तू भलत्याच जागी ठेवून चोरीचा आळ घेणं, स्वभाव बदलणं, हे असेल तर जा. घाबरून टाळू नका कारण थायरॉईड, बी१२, डिप्रेशन, ऐकू न येणं, चालू असलेली औषधं, यातलंही काहीतरी निघू शकतं आणि ते बऱ्यापैकी दुरुस्त होतं. जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, डोळ्यांचे थेंब आणि केमिस्टकडून आणलेल्या सर्दी-झोपेच्या गोळ्यांसकट, आणि रोज सोबत राहणारं माणूस न्या, कारण ज्याला त्रास आहे तो डॉक्टरसमोर अगदी व्यवस्थित बोलतो आणि "मला काही होत नाही" सांगतो. कधीपासून काय बदललं ते त्या माणसाने आधी कागदावर लिहून आणावं आणि जमलं तर डॉक्टरला वेगळं भेटून द्यावं.